सायलेन्सर बदलल्यावर चोर्ला घाटात गाडी का ओढत नाही?

साखळीहून रोज पणजीला कामाला जाणाऱ्या एका भावाने विचारलं आहे. २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कंपनीचा सायलेन्सर काढून आखूड फ्री-फ्लो (धूर मोकळा जाऊ देणारा) बसवला. आवाज दमदार झाला. पण पत्नीला मागे बसवून बेळगावला जाताना चोर्ला घाटात तिसऱ्या गियरला गाडी ओढेनाशी झाली, उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात आणि अ‍ॅव्हरेज ३५ वरून ३० वर आलं. एक मेकॅनिक म्हणतो रिमॅप करा (गाडीच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा तक्ता बदला), मित्र म्हणतो बॅक प्रेशर गेलं, आत जाळी घाला, आणखी कोणी म्हणतो मोठा एअर फिल्टर लावा. आता यातलं काय करायचं?

मी फोंड्यात दुचाकींचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त बुलेटच असतात. आधी उत्तर देतो, कारण मग सांगतो. कंपनीचा सायलेन्सर नवीन गॅस्केट (पाइपाचा सांधा बंद करणारी चकती) घालून परत बसवा, दोन-तीन टाक्या पेट्रोल जाळा आणि त्याच घाटात गाडी परत चालवून बघा. तोपर्यंत रिमॅप, जाळी, फिल्टर यातल्या कशावरही पैसे घालू नका. तीन दुरुस्त्या एकदम केल्या तर कशाने फरक पडला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मेकॅनिकलाही नाही.

तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या म्हणून त्यांचं कारणही एकच असेल असं धरू नका. ओढ कमी होणं, फटाके वाजणं आणि अ‍ॅव्हरेज पडणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत, फक्त तिन्ही सायलेन्सरच्या पाइपाशी जोडलेली.

ओढीपासून सुरू करू. तुमच्या इंजिनाचा कागद बघा: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी ६१०० आरपीएमला आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमला. म्हणजे टॉर्कचा, ओढीचा, कळस ४००० ला येतो. ६१०० ला पॉवर जास्त दिसते, पण तिथे टॉर्क साडेतेवीसच्या आसपास उतरलेला असतो. हे लांब स्ट्रोकचं सिंगल सिलिंडर इंजिन मुद्दामच खालच्या आरपीएमवर ओढायला बनवलेलं आहे, आणि त्याचा सायलेन्सर, बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप), कॅम, एअर बॉक्स हे सगळं त्याच हिशोबात बसवलेलं आहे. घाटात तुम्ही तिसऱ्या गियरला तीसच्या आसपास असता तेव्हा इंजिन दोन-अडीच हजारांवर असतं. तुमचा नवा सायलेन्सर जे काही देतो ते वर, साडेपाच-सहा हजारांवर देतो. साखळी-पणजी रस्त्यावर किंवा घाटात तुम्ही तिथे जाताच कुठे?

आता 'बॅक प्रेशर'. इंजिनाला मागून दाब हवा असतो, तो गेला की ओढ जाते, असं सगळीकडे सांगितलं जातं. निरीक्षण खरं आहे, कारण चुकीचं आहे. कोणत्याही इंजिनाला धूर बाहेर ढकलताना अडथळा नको असतो. त्याला हवा असतो पाइपातून जाणाऱ्या धुराचा वेग आणि दाबाच्या लाटेची वेळ. हायवेवरून ट्रक जोरात गेला की त्याच्या मागे धूळ आणि पाला ओढला जातो, तसा जोरात निघालेला धुराचा लोट आपल्या मागे सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून नेतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधी इनटेक व्हॉल्व्ह थोडा उघडलेला असतो. त्या क्षणी ही ओढ मिळाली तर ताजी हवा जास्त आत येते. पाइप गरजेपेक्षा जाड केला की तेवढाच धूर हळू चालतो आणि ही ओढ खालच्या आरपीएमवर मरते.

लाटेचं गणितही अवघड नाही. गरम धुरात दाबाची लाट सेकंदाला ५०० मीटरच्या वर धावते. पाइपाच्या उघड्या टोकाला किंवा पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथे ती उलटून परत येते, आणि येताना दाब घेऊन न येता ओढ घेऊन येते. पाइप एक मीटरचा असेल तर जाऊन यायला ढोबळमानाने चार मिलिसेकंद लागतात. ६००० आरपीएमला क्रँक तेवढ्या वेळात १४४ अंश फिरतो, ३००० ला फक्त ७२. म्हणजे एका लांबीचा पाइप एका आरपीएमला लाट बरोबर वेळेवर आणतो, दुसऱ्याला चुकीच्या वेळी आणतो. पाइप आखूड केला की ती वेळ वरच्या आरपीएमला सरकते. रेसच्या गाडीला तेच हवं असतं. पत्नी आणि सामान घेऊन चोर्ला चढणाऱ्या गाडीला त्याच्या उलट हवं असतं.

म्हणून आत जाळी घालून हे भरून येणार नाही. जाळीने अडथळा येतो, आवाज थोडा घटतो, पण लांबी आणि व्यास तुमच्या इंजिनाच्या हिशोबात परत बसत नाहीत. बाजारातल्या इंदोरी, पंजाबी किंवा आखूड पाइपांची आतली मापं एकाची दुसऱ्याशी जुळत नाहीत. एकाच नावाचे दोन सायलेन्सर कापून बघितले तर आतली नळी, छिद्रं, ग्लास वूल सगळं वेगळं निघतं. त्यामुळे 'माझ्या मित्राच्या गाडीला याने फरक पडला' याला फारसा अर्थ नाही.

हवेचंही थोडं बोलू. चोर्ला समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच आहे. दर १०० मीटरला साधी हवा घेणारं इंजिन सुमारे एक टक्का ताकद गमावतं. म्हणजे वर पोचेपर्यंत आठेक टक्के तशीही गेलेली असते, सायलेन्सर कोणताही असो. फक्त सायलेन्सर बदलून, बाकी काही न करता, अशा इंजिनात सगळ्यात वरच्या आरपीएमला चार-पाच टक्के मिळाले तरी ते चांगलं म्हणायचं. वजनाचा फायदा खरा आहे, पण किती? गाडी १९५ किलो, दोन माणसं धरून सव्वातीनशे. त्यातून तीन-चार किलो कमी झाले म्हणजे जेमतेम एक टक्का.

आता पेट्रोलकडे येऊ, कारण रिमॅपचा प्रश्न इथेच सुटतो. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि कार्बोरेटर जवळजवळ संपले. पण ईसीयूला, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला, किती हवा आत गेली ते थेट मोजता येत नाही. तो थ्रॉटल किती उघडा, आरपीएम किती, दाब आणि तापमान किती एवढं बघून तक्त्यातून पेट्रोल ठरवतो, आणि तो तक्ता कंपनीच्या सायलेन्सरवर बनवलेला असतो. सावकाश, एका वेगाने चालवताना ओटू सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून चूक सुधारतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या जवळ ठेवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की ही सुधारणा बंद, तेव्हा फक्त तक्ता चालतो. जोर लावताना इंजिनाला साडेबारा-तेराला एक असं दाट मिश्रण हवं असतं. हवा वाढली आणि तक्ता तोच राहिला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, ओढ कमी होते, इंजिन तापतं आणि चढावर खडखड वाजायला लागतं.

त्यात आणखी एक गोष्ट सध्या सगळ्यांनाच लागू आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे या पेट्रोलचं बरोबर मिश्रण १४.७ नसून साडेतेराच्या जवळ असतं. ओटू सेन्सर चालू असताना ईसीयू हे सांभाळून घेतो, फुल थ्रॉटलला नाही. म्हणजे फ्री-फ्लो सायलेन्सर आणि ई-२०, दोन्ही मिश्रणाला एकाच बाजूला, पातळ बाजूला ढकलतात. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. तुमच्या पाच किलोमीटरपैकी थोडी घट त्याचीही असू शकते. सायलेन्सर बदलायच्या आधी ३५ मिळत होतं ते कधी मोजलं होतं, ते आठवून बघा.

मग रिमॅप का नको म्हणतो? नीट केलेला रिमॅप वाईट नाही. पण नीट म्हणजे डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवून, वाइडबँड सेन्सर लावून, एकेक आरपीएमला धूर मोजत केलेला. लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत 'स्टेज वन' टाकून देणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीचा तक्ता तुमच्या गाडीत घालणं. ओटू सेन्सरच्या वायरीत डबी लावून ईसीयूला फसवणारे जोड मिळतात, त्यांचंही तेच. ते ओटू सेन्सर चालू असताना, सावकाश चालीतच पेट्रोल वाढवतात, जिथे ते नको असतं; फुल थ्रॉटलला, जिथे हवं असतं, तिथे त्यांचा फारसा उपयोग नाही. जास्त झालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि आतली जाळीदार वीट वितळते. मग तोच तुकडा धुराची वाट अडवतो.

अ‍ॅव्हरेज आणि फटाके यांच्यामागे मला लीकेज जास्त वाटतं. सायलेन्सर बदलताना बेंड पाइप हलतो. हेडजवळचं गॅस्केट एकदा दाबलं गेलं की ते पुन्हा तसंच बसत नाही, पण बहुतेक ठिकाणी जुनंच ठेवून नट आवळतात. ओटू सेन्सरच्या आधी फट राहिली तर धुराच्या प्रत्येक ठोक्यानंतर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, अ‍ॅव्हरेज पडतं. इंजिनात काही बिघडलेलं नसताना ते पेट्रोल जास्त पितं. फटाक्यांचंही तसंच. थ्रॉटल एकदम सोडला की सिलिंडरात हवा कमी आणि मिश्रण विस्कळीत, ते नीट पेटत नाही, अर्धवट जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जातं. तिथे फटीतून किंवा आखूड पाइपाच्या तोंडातून ताजी हवा मिळाली की ते तिथेच पेटतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्येही हे थोडं होतं, पण आतले पडदे आवाज दाबतात. उतारावर एखादा हलका फट आवाज आला म्हणून घाबरायचं नाही. सलग बंदुकीसारखे आवाज म्हणजे फट शोधायची.

लीकेज घरी तपासता येतं. सकाळी गाडी थंड असताना उघड्या अंगणात काढा, बंद गॅरेजमध्ये कधीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. स्टार्ट करा आणि जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरा. इंजिन घुसमटून बंद पडायला लागलं तर पाइप बंदिस्त आहे. ते आरामात चालत राहिलं आणि हेडजवळ फुस्‌ फुस्‌ ऐकू आलं तर फट तिथेच. मग गाडी बंद करून बेंड पाइप हेडला मिळतो तिथे टॉर्च मारा. फट असेल तर नटाच्या एका बाजूला काजळीचा काळा पट्टा दिसतो, बोट फिरवलं की कोरडी काळी पूड लागते. नट आवळताना दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर फ्लँज तिरका बसतो आणि गॅस्केट नवीन असूनही फट राहते.

तुमच्या निरोपात कॅट (तोच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला की नाही हे लिहिलेलं नाही. बऱ्याच बीएस६ गाड्यांत तो सायलेन्सरच्या आधी, पाइपातच असतो. कोणी तो पाइप कापून सरळ नळी वेल्ड केली असेल तर ते लगेच मागे फिरवा. ताकदीच्या नावाने त्यातून या इंजिनात हातात काही पडत नाही आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नाकातोंडात ते विष जातं.

ज्यांच्याकडे जुनी, २०२० च्या आधीची ३४६ सीसीची कार्बोरेटरवाली क्लासिक आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे ईसीयू नाही, स्वतःहून सुधारणारं काहीच नाही. सायलेन्सर मोकळा केला तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) एक नंबर वर आणि पायलट स्क्रू परत लावणं, एवढं करावंच लागतं. फुल थ्रॉटलला चढ चढून तिथेच गाडी बंद करा, थोडी निवल्यावर प्लग काढून बघा. पांढरा फटक प्लग म्हणजे मिश्रण पातळ, काळा भुरभुरीत म्हणजे दाट, बदामी रंग बरोबर. हल्लीच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, म्हणून फक्त रंगावर जाऊ नका, गाडी चालताना काय सांगते तेही बघा. ओढ आणि मायलेज दोन्ही हवं असेल तर याही गाडीला मूळ सायलेन्सरच बरा.

आपल्याकडच्या पावसाचंही लक्षात घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात पाइपात तयार होतं. गाडी लांब चालली तर ते बाहेर जातं. घर ते बाजार एवढीच फिरली तर सायलेन्सर पुरता तापतही नाही आणि ते पाणी आतच राहतं. त्यात किनाऱ्यालगतची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. साध्या लोखंडी पत्र्याला क्रोम मारलेला सायलेन्सर बाहेरून चकचकीत असतानाच आतून सडतो, आणि ग्लास वूल एकदा भिजलं की त्याची वाटच लागते. घ्यायचाच असेल तर स्टेनलेस घ्या आणि खालच्या बाजूला पाणी निथळायचं छोटं भोक आहे ना ते बघा. ते भोक लीकेज समजून वेल्ड करून बुजवलेले सायलेन्सर माझ्याकडे आले आहेत. तसं करू नका.

आवाजाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. कान फसवतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळते असं वाटतं, पण घड्याळ ते मान्य करत नाही. एक मोकळा सपाट रस्ता निवडा, चौथ्या गियरला ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या माणसाला मोजायला सांगा, दोन्ही सायलेन्सरवर, दोन्ही दिशांनी. मग ठरवा. कायद्याने १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि १० डेसिबल वाढणं म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. चोर्ला घाटाच्या अंगालाच म्हादईचं अभयारण्य आहे. खाली सत्तरीच्या गावांत रात्री नऊला सगळं शांत होतं. तिथून एक मोकळा पाइप गेला की दोन डोंगर घुमतात, आजारी माणूस आणि तान्हं मूल दोघं दचकून उठतात. मला बुलेटचा आवाज आवडतो, आयुष्य त्यात गेलं आहे. म्हणूनच सांगतो, या गाडीचा खरा आवाज तिच्या लांब स्ट्रोकचा ठोका आहे. पाइप फाडून तो ठोका ऐकू येत नाही, नुसता कल्लोळ येतो.

तरीही थोडा खर्ज हवा असेल तर त्यात चूक नाही. मग मंजुरीचा कागद असलेला स्लिप-ऑन (मूळ पाइपावर बसणारा फक्त मागचा सायलेन्सर) घ्या, डीबी किलर (आवाज दाबणारा तुकडा) आत ठेवा, बेंड पाइप आणि कॅटला हात लावू नका, आणि लांबी मूळ सायलेन्सरच्या जवळची बघा. वॉरंटी किंवा विमा चालू असेल तर बदल करण्याआधी त्यांना लेखी विचारा.

आणि तुम्हाला घाटात ओढच हवी असेल तर पैसे दुसरीकडे घाला. आधी फुकटचं काम: तिसऱ्यात गाडी कण्हायला लागायच्या आधीच दुसरा टाका. तुमच्या गाडीला आरपीएम मीटर नाही म्हणून लोक खालच्या आरपीएमवरच ताणत राहतात. हे इंजिन साडेतीन-चार हजारांवर चढाला लावायचं असतं, तिथेच त्याचा टॉर्क आहे. मग एअर फिल्टर साफ, चेन सैल नाही ना, मागचा ब्रेक घासत नाही ना, क्लच घसरत नाही ना, टायरात हवा पुरेशी आहे ना, हे बघा. यातल्या एका-दोन गोष्टींनीच बहुतेक गाड्या चढाला लागतात. मोठा एअर फिल्टर मात्र नको, त्यानेही मिश्रण पातळच होतं आणि पावसात पाणी खेचलं जातं ते वेगळंच. एवढं करूनही नेहमी डबल सीट आणि घाट असेल तर पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दाताने कमी करता येतो. १५ चे १४ केले तर चाकावर सात टक्के जास्त ओढ येते, आणि ती सगळ्या आरपीएमला येते. त्या बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरेल, थोडं जास्त थरथरेल, थोडं जास्त पिईल. तुमचा रोजचा रस्ता बघून ठरवायचं.

मूळ सायलेन्सर बसवून, गॅस्केट बदलून, दोन टाक्यांनंतरही ओढ आली नाही तर परत लिहा. त्या वेळी चार गोष्टी सांगा: गॅस्केट नवीन घातलं का, बेंड पाइप मूळचाच आहे का, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का, आणि थंड गाडी पहिल्या सेल्फला घेते का. पिवळा दिवा लागत असेल तर मला लिहायच्याही आधी कोड वाचून घ्या, ओटू सेन्सरची वायर बेंड पाइप काढताना ताणली गेली असण्याची शक्यता मोठी आहे.